कपाटातलं निवडुंग

६ जानेवारी

प्रिय वहिनी,

दादाने सुट्टीतला फोटो पाठवला. आई खुर्चीत, तुम्ही मागे उभ्या, खिडकीत निवडुंग. आईच्या अंगावर नवा स्वेटर दिसतो. तुम्ही विणलात का? छान आहे.

निवडुंगाला एकही फूल नाही.

तुम्हाला हे किरकोळ वाटेल. तुमच्या घरी ते झाड आलं त्याला दोनच वर्षं झाली. बाबा गेल्यावर आई तुमच्याकडे राहायला आली तेव्हा कुंडी सबंध प्रवासात तिच्या मांडीवर होती. आमच्याकडे त्याला सुट्टीचं झाड म्हणायचे. काटे नाहीत, नुसती एकाला एक जोडलेली चपटी पेरं. वर्षभर कुणी ढुंकून बघणार नाही असं. वर्षअखेरच्या सुट्टीत मात्र प्रत्येक पेराच्या टोकाला गुलाबी फूल. माझ्या आठवणीत एकही सुट्टी कोरी गेलेली नाही.

त्यामागे जादू नाही, आईचा नियम आहे. रात्र मोठी व्हायला लागली की त्या खोलीत दिवेलागणीपासून सकाळपर्यंत दिवा लावायचा नाही. आम्ही दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर बसून अभ्यास करायचो. एकदा दादा चेंडू शोधायला टॉर्च घेऊन रोज आत जायला लागला. त्या वर्षी निम्मीच फुलं आली आणि आई सुट्टीभर त्याच्याशी तुटक बोलली. मोठा अंधार मिळाला तर ते झाड फुलतंच. मिळाला नाही तर नाही.

म्हणून विचारते. आईच्या खोलीत रात्री दिवा कोण लावतं?

फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तुम्ही "सगळं छान" म्हणता आणि फोन दादाच्या हातात देता. दादा "हो, हो" म्हणतो. कागदावर "हो, हो" लिहिता येत नाही.

रागावू नका. जळालेली दुकानं आणि भिजलेली गोदामं बघायची आणि मालक सांगतो ते खरं की खोटं ते विमा कंपनीला कळवायचं, हा माझा धंदा. सवय घरीही सुटत नाही.

तुमची नणंद

*

१९ जानेवारी

प्रिय वन्सं,

पत्र मिळालं. स्वेटर मीच विणला. लोकर उरली आहे, हवे तर हातमोजे करून पाठवते.

तुम्ही तिथे बसून आमच्या घरातले दिवे मोजता हे माहीत नव्हतं. आई बऱ्या आहेत. जेवण वेळेवर, औषधं वेळेवर. रात्री जेवल्या की आडव्या होतात आणि दिवा मालवला जातो.

झाड म्हातारं झालं असेल. माणसाला तरी दरवर्षी कुठे फुलायला जमतं. नाहीतर रस्त्यावरच्या दिव्यामुळे झालं असेल. हल्लीच नवे लावलेत, पांढरे फटक, दवाखान्यात असतात तसे. त्यात आम्ही तरी काय करणार?

तुमच्या दादांची छापखान्यात अजून रात्रपाळीच आहे. "हो, हो" ते मलाही म्हणतात. मनाला लावून घेऊ नका.

तुमची,
वहिनी

*

२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

आईला तुमच्याकडे सोडायला आले तेव्हा मी त्या खोलीत झोपले होते. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची बिनखिडक्यांची भिंत आहे. तिथे चंद्र पोचत नाही, रस्त्यावरचा दिवा कुठून पोचणार?

आग लागलेल्या गोदामाचा मालक पहिलं बोट नेहमी शेजाऱ्याच्या तारेकडे दाखवतो. मी ते बोट खूप वेळा पाहिलं आहे.

मग मी फोटो भिंगाखाली धरला. निवडुंगाच्या पानांवर पांढरी धूळ आहे. खिडकीच्या कट्ट्यावर आहे, आईच्या खुर्चीच्या हातावरही आहे. फोटोच्या डाव्या कडेला टेबलाचा कोपरा दिसतो आणि त्यावर मान वाकवलेला दिवा. तुम्ही दंतवैद्यांसाठी कवळ्या घडवता. ही धूळ तुमच्या साच्यांच्या प्लास्टरची आहे, हे सांगायला विमा कंपनी लागत नाही.

म्हणजे आईची खोली आता तुमचा कारखाना झाली. तसं असेल तर आई झोपते कुठे? दिवाणखान्यात? तुम्ही मला लिहिलंत की दिवा मालवला जातो. कुठेतरी पाणी मुरतंय, वहिनी.

तुमची नणंद

*

२० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

हो. काम घरी आणते. टेबल दुसरीकडे मावत नाही. दिवा माझा.

आई त्याच खोलीत, त्याच पलंगावर झोपतात. खुर्ची पुसली. कट्टा पुसला. निवडुंगाचं एकेक पेर ओल्या फडक्याने पुसलं. दोन्ही बाजूंनी.

दिवा मालवला जातो असं लिहिलं ते खोटं होतं. याहून जास्त विचारू नका, कारण मी सांगणार नाही.

तुमच्या भिंगात मी कशी दिसते तेवढं मात्र कळवा.

वहिनी

*

१२ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

इतके महिने लिहिलं नाही. रागाने हात चालत नव्हता हे एक कारण. दुसरं, मी बघत होते.

जूनमध्ये फोनवर आई म्हणाली, "रात्री कोण येतं ते फोनवर बोलायचं नाही." मी विचारलं, कोण येतं? तेवढ्यात फोन तुमच्या हातात होता. "आईंना झोप येते आहे." दुपारचे चार वाजले होते.

ऑगस्टमध्ये दादाला आडून विचारलं. तो म्हणाला, "अगं, तिला नको त्रास देऊ." कोणत्या तिला, ते त्याने सांगितलं नाही. तुम्ही दोघं मला ताकास तूर लागू देत नाही आणि वर मलाच सुतावरून स्वर्ग गाठणारी म्हणत असाल.

आता सरळ लिहिते. मी वर्षअखेरच्या सुट्टीत येते आहे, आणि परत जाताना आईला माझ्याकडे घेऊन जाणार आहे. मागच्या खोलीतलं सामान हलवलं, रंग दिला, पलंग आणला. दादाला कळवलं आहे. तो "हो, हो" म्हणाला.

तोवर एक काम करा. तुमचा दिवा हलत नसेल तर झाड हलवा. दिवे लागायच्या आत कुंडी कपाटात ठेवायची, दार घट्ट लावायचं, सकाळी बाहेर काढून त्याच खिडकीत, तीच बाजू उजेडाकडे करून ठेवायची. रोज. मध्ये एक दिवस चुकवलात तर मागचे सगळे वाया. पाणी वरची माती कोरडी लागेल तेव्हाच, आणि बशीत साचू द्यायचं नाही, मुळं कुजतात. कळ्या दिसल्या की कपाट बंद, आणि मग कुंडी जागची हलवायची नाही. हलवली की कळ्या गळतात. आईने आम्हाला हे पाढ्यांसारखं पाठ करून घेतलं होतं.

मी आले तेव्हा फुलं असतील तर निदान समजेन की त्या घरात सांगितलेलं एक तरी काम होतं.

तुमची नणंद

*

२५ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

पत्र आलं त्या संध्याकाळपासून कुंडी कपाटात ठेवते आहे. लोकरीच्या कपड्यांचा खण रिकामा केला. कामावरून पळत यावं लागतं, पण ठेवते. दार नीट लागत नव्हतं, फटीत फडकं कोंबलं.

तुम्ही आईंना नेणार, ते वाचलं. मी अडवणार नाही. सासूला ओलीस ठेवणारी सून अजून माझ्या बघण्यात नाही. पण त्यांना विचारा. मला नको, दादांना नको, त्यांना.

आणि विचारताना दिवसा विचारा.

वहिनी

*

९ नोव्हेंबर

बारकीस अनेक आशीर्वाद.

कागद मिळाला म्हणून लिहिते. चष्मा लपवलेला होता तो सापडला, उशीखाली होता. कोणी ठेवला ते कळतंच.

माझं झाड पळवतात. रोज उजेड कमी झाला की सून येते, तोंडातून अवाक्षर न काढता कुंडी उचलते आणि निघून जाते. सकाळी आणून ठेवते ती कुंडी तीच, झाड दुसरं. तिला वाटतं म्हातारीला काय समजतंय. मला सगळं समजतं. सकाळचं झाड हाताला गार लागतं. माझं कधी गार नव्हतं. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. झाडाला कधी डांबराच्या गोळ्यांचा वास येतो का? तूच सांग, तुझं कामच ते.

मी रोज एक पेर मोडून बघते. आतून हिरवं असतं. म्हणजे फसवणारे हुशार आहेत.

तुझ्या भावाला सांगितलं. तो हो, हो म्हणतो. तो लहानपणी टॉर्च घेऊन आत जायचा, तेव्हापासून मी त्याला ओळखून आहे.

रात्री एक बाई येते. ती चांगली आहे. माझ्या खोलीत टेबलाशी बसते आणि दात घडवते. खरंच सांगते, दात. दिवा ठेवते म्हणून मला भीती वाटत नाही. अंधारात ही खोली कुणाची ते मला आठवत नाही आणि मग उठून आपलं घर शोधावं लागतं. ती असली की शोधावं लागत नाही. मी घाबरले तर एकेक दात दाखवून विचारते, आई, हा कोणाला शोभेल? आम्ही हसतो. तिला मी सुनेचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, असू दे, तिलाही कामं असतात. भोळी आहे.

हे पत्र तिच्याच हाती देते. तिला बजावलं आहे, माझ्या सुनेला दाखवू नकोस.

तू ये आणि मला ने. झाडही नेऊ. खरं कुठे ठेवलंय ते आधी शोधून काढ.

आई

*

१४ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

आईचं पत्र आलं. सोबत ठेवते. वाचा.

पत्र मिळालं तेव्हा आधी मी पाकीट तपासलं. तुम्हाला वाटेल, हिला दुसरं काय येतं. डिंक उघडून परत लावलेला नाही. तिकिटाशेजारी पांढऱ्या अंगठ्याचा ठसा आहे. प्लास्टरचा.

तुम्हाला माहीत होतं की आत तुमच्याबद्दलच लिहिलं असणार. तुम्ही ते न उघडता पेटीत टाकलंत.

कुंडी आजपासून कपाटात ठेवू नका. मला फुलं नकोत. फुलं आली नाहीत तरी चालेल, पण झाड तिच्या डोळ्यांसमोर राहू दे. दिवाही राहू दे.

ती तुम्हाला कधीपासून ओळखत नाही?

आणि एक गोष्ट मला अजून पटत नाही. तुम्ही हे लपवलंत का? मी फेब्रुवारीत कारखाना म्हणाले, तुम्ही हो म्हणालात. एका ओळीत माझं तोंड बंद करता आलं असतं. जो नुकसान अंगावर घेतो त्याचा काहीतरी हेतू असतो, असं मला शिकवलेलं आहे. तुमचा कोणता?

नणंद

*

२२ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

वाचलं. "भोळी आहे" हे दादांना वाचून दाखवलं. ते बऱ्याच दिवसांनी हसले.

दिवसा ओळखतात, बहुतेक. सून म्हणून ओळखतात, म्हणजे चोर म्हणून. दिवस कलला की मी कोण ते जातं. मागच्या वर्षी रात्र मोठी व्हायला लागली तेव्हा सुरू झालं. तुमच्या दादांची रात्रपाळी. एकदा आई दाराबाहेर जिन्यात सापडल्या, अनवाणी, आपलं घर शोधत होत्या. दुसऱ्या दिवशी मी टेबल त्यांच्या खोलीत हलवलं. मी आहे आणि दिवा आहे एवढ्याने त्या पडून राहतात. कामही होतं. त्यात मोठेपणा काही नाही, कवळ्या तशाही घडवायच्याच असतात.

आता हेतू. मागच्या डिसेंबरात एका दुपारी त्या अगदी पूर्वीसारख्या होत्या. आपलं काय होतंय ते त्यांना दिसत होतं. माझा हात धरून म्हणाल्या, "बारकीला कळू देऊ नकोस. ती पंचनामा करायला येईल. मग मी तिची आई राहणार नाही, प्रकरण होईन." मी शब्द दिला. तो दिल्याचं त्या विसरल्या आहेत. मी नाही.

त्यांनी स्वतःच तुम्हाला लिहिलं, म्हणून आता सांगते.

मलाही तुमच्याबद्दल संशय होता, तोही सांगून टाकते. मला वाटायचं, तुम्हाला आईंची काळजी नाही, पुरावा हवा आहे. तुमचं प्रत्येक पत्र मी दोनदा वाचायची, एकदा पत्र म्हणून आणि एकदा नोटीस म्हणून. कपाटाचं काम तुम्ही मला हरवायलाच दिलंत, असंही वाटलं. कुंडी उचलताना रोज संध्याकाळी त्या माझ्याकडे कशा बघायच्या ते तुम्हाला लिहिणार नव्हते. आता लिहून काय उपयोग, पण लिहिते. घरात शिरलेल्या माणसाकडे बघावं तसं.

झाडाचं. कळ्या धरल्या होत्या, वन्सं. कपाटाने काम केलं. पण आई रोज सकाळी खरं-खोटं करायला पेर मोडायच्या, आणि मोडायच्या ते टोकाचंच, म्हणजे कळीसकट. आता थोड्याच उरल्या आहेत. मोडलेली पेरं टाकवली नाहीत. दोन दिवस सुकवून कवळीच्या रिकाम्या डब्यांत माती घालून खोचली. बरीचशी धरली आहेत. कट्टा डब्यांनी भरलाय. दादा म्हणतात, एक दिवस यांतून दात उगवतील.

कुंडी आता हलवत नाही. पेर मोडणंही थांबलंय.

तुम्ही या. पण अंधार पडल्यावर तुम्हाला ओळखलं नाही तर "मी बारकी" असं सांगत बसू नका. त्या घाबरतात; ज्याला ओळखायला हवं होतं त्याला ओळखलं नाही एवढं त्यांना कळतं. मी सांगून ठेवते, आणखी एक बाई कामाला येणार आहे.

वहिनी

*

५ जानेवारी

प्रिय वहिनी,

पोचले. हातमोजे गाडीतच चढवले होते. डाव्याला अंगठा मोठा झालाय, तुम्ही तो तुमच्या मापाने विणलात.

निघताना तुम्ही विचारलंत, "मग काय ठरलं?" आणि मी बॅगेची चेन लावत बसले. तोंडावर सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

पहिल्या दिवशी तिने मला बारके म्हटलं, वाळलीस म्हटलं. दुसऱ्या दिवशी मला पाहुण्यासारखं बसायला सांगितलं. ते तुम्ही पाहिलंच. तुम्ही पाहिलं नाही ते असं. परवा अंधार पडल्यावर तुम्ही चहा ठेवायला आत गेलात. मी तुमच्या टेबलाशी तुमच्या जागेवर बसले होते. निवडुंगाला दोन फुलं होती, दिव्याच्या उजेडात ती कागदाची वाटत होती. आई बराच वेळ माझ्याकडे बघत होती. तुम्ही शिकवल्याप्रमाणे मी एक दात उचलला आणि विचारलं, हा कोणाला शोभेल?

ती म्हणाली, "तू नवीन आहेस. तुला जमेल हळूहळू."

मग मला जवळ बोलावलं. दाराकडे बघून हळू म्हणाली, "एक काम सांगते. माझी एक लेक आहे. फार हुशार, बघताक्षणी सगळं ताडते. ती मला न्यायला येणार आहे. मीच तिला लिहिलं होतं, तेव्हा माझं झाड चोरीला गेलं होतं. आता सापडलं. आता मला कुठे जायचं नाही. तू इथे दाराशी असतेस ना, लक्ष ठेव. ती आली तर सांग, म्हातारी इथे राहत नाही."

मी म्हटलं, सांगते.

तिला ते पुरलं नाही. म्हणाली, "तिचा विश्वास बसणार नाही. नीट सांग."

मी म्हटलं, नीट सांगेन.

मग तुम्ही चहा घेऊन आलात आणि तिने तुम्हाला सांगितलं की नवी बाई बरी आहे.

मागच्या खोलीतला पलंग परत केला. कट्ट्यावरची एक डबी मी न विचारता आणली आहे, डाव्या कोपऱ्यातली. मोजाल तेव्हा एक कमी भरेल. संशय दुसऱ्या कुणावर घेऊ नका.

बारकी